वाघर

दुपारचं जेवण झालं, पुढच्या पडवीतल्या बाजेवर जरा पाठ टेकली, की मायाक्काच्या डोळ्यांपुढं मेंढरं येत. झोप म्हणावी तर झोप नव्हे आणि जाग म्हणावी तर जागही नव्हे, अशा त्या मधल्या वेळात. पहाटेचं धुकं असे, माळ असे, आणि माळावर इथं एक, तिथं दोन, पलीकडं चार, अशी ठिपक्याठिपक्यांनी मेंढरं विखुरलेली असत. हाक घालावी म्हणून ती तोंड उघडी, पण आवाज फुटत नसे. तरी मेंढरं आपली आपण जवळ सरकत. ठिपक्याला ठिपका लागे, त्यांची ओळ होई, ओळीची वाट होई आणि ती वाट वाहत वाहत तिच्या पायाशी येई. मग शेजारच्या गल्लीतले यंत्रमाग जेवणाची सुट्टी संपवून पुन्हा खडखडायला लागत आणि मेंढरं उधळून जात.

कळप विकून बारा वर्षं झाली होती. मंगळवेढ्याच्या पलीकडचं गाव सोडून मायाक्का आणि तिचा म्हातारा धुळाप्पा सोलापुरात मुलाकडं, बिरुदेवकडं राहायला आले होते. बिरुदेवचं घर बरं होतं. नळ होता, पंखा होता, नातवंडं होती. थोरला नातू प्रभु टॉवेलच्या कारखान्यात होता आणि त्याची बायको पिंकी सातव्या महिन्यात होती. धाकटी नात सृष्टी एम.एस्सी.ला होती. प्राणिशास्त्र शिकते म्हणजे नेमकं काय, हे मायाक्काला कधी उमगलं नव्हतं. जन्मभर प्राण्यांच्या मागं हिंडून आपल्याला जे कळलं नाही ते ही पोरगी खोलीत बसून शिकते, एवढंच तिला ठाऊक होतं.

त्या आठवड्यात सृष्टीनं प्रयोगासाठी आजीकडं अंडी मागितली. दुकानातली चालणार नव्हती, ती वांझ असतात. कोंबडा असलेल्या अंगणातली हवी होती. मायाक्कानं गावाकडं धाकट्या दिराला फोन लावला. दुसऱ्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पत्र्याचा डबा आला. डब्यात जोंधळा, आणि जोंधळ्यात मानेपर्यंत पुरलेली दहा अंडी. एकालाही चीर गेली नव्हती.

कॉलेजला सुट्ट्या होत्या म्हणून सृष्टीनं घरातच सोय केली. थर्मोकोलचा डबा, आत बल्ब, वाटीत पाणी आणि ऊब मोजायला थर्मामीटर. गुरुवारी पहाटे पाचला तिनं अंडी आत ठेवली, प्रत्येकावर पेन्सिलीनं वेळ लिहिली आणि दर दोन-तीन तासांनी ती डब्यात डोकावू लागली. धुळाप्पाला गंमत वाटली. मुंडाशाची घडी नीट करत तो म्हणाला, ही खुडूक कोंबडी बरी, हिला दाणे टाकाय नकोत, चोचही मारत नाही. लाईट गेली की मात्र अंड्यावरनं उठून जाणार.

सगळी हसली. पिंकीही हसली, पण हसताना तिनं मायाक्काकडं पाहिलं आणि मायाक्कानं मान दुसरीकडं वळवली.

हे असं गेले पाच महिने चाललं होतं. पिंकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून मायाक्का तिच्यापासून चार हात लांब राहत होती. लग्न झाल्यावर वर्षभर तिच्या केसांना तेल लावून देणारी आजेसासू आता तिच्या डोक्यावर हातही ठेवत नव्हती. पिंकीनं आपल्यापरीनं त्याचा अर्थ लावला होता. तिच्या माहेरच्यांनी मेंढरं कधीच मोडली होती, वडील माळशिरसला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होते. आज्जींना मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी हवी असणार, असं ती प्रभुपाशी बोलून दाखवायची.

आणि आता रविवारी ओटीभरण होतं. या घराण्याची रीत अशी, की सातव्या महिन्यात पोटुशी बाई घरच्या लोकरीच्या घोंगड्यावर बसते आणि घरातली सगळ्यात वडील सवाष्ण पहिली ओटी भरते. वडील सवाष्ण मायाक्काच होती. तिनं आधी गुडघेदुखीचं कारण पुढं केलं. मग म्हणाली, दिराकडं गावाला जायचंय, रविवारचीच एसटी गाठायचीय. घोंगड्याचं विचारलं तर म्हणाली, घरचं एकही उरलं नाही, बाजारातनं आणा. बिरुदेवची बायको, सूनबाई, हिरमुसली, बिरुदेव चिडला, पण मायाक्का हलली नाही. तिची पिशवी गुरुवारीच भरून खुंटीला टांगलेली होती.

घोंगडं होतं. तिच्या बाजेखालच्या लोखंडी पेटीत, सगळ्यात तळाशी.

दुष्काळाचं साल होतं, बहात्तरचं. मायाक्का वीस वर्षांची होती, पहिलटकरीण. माळ करपला होता, म्हणून कळप घेऊन माणसं भीमेच्या काठाकाठानं हिंडत होती. नववा महिना लागला तरी ती चालत होती, कारण बिऱ्हाड चालत होतं. खायला मिलो ज्वारीची भाकरी, तीही एका वेळची. एका संध्याकाळी नदीकाठी वाघर लावताना तिला कळा सुरू झाल्या. वाघर म्हणजे सुताची जाळी. दिवस कलला की खुंट्या ठोकून ती गोल उभी करायची आणि कळप रातच्याला आत घ्यायचा. तिच्या हातात खुंटी होती, ती तशीच राहिली.

जवळच्या वस्तीवरनं एक सुईण आली. ती धनगराचीच बाई होती. तिनं आधी काय केलं असेल, तर मायाक्काची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. मेंढीला कीड लागली, अंगातलं रक्त आटलं, की मेंढपाळ तेच करतो. पापणीच्या आत तांबडं दिसलं तर मेंढी बरी, पांढरं दिसलं तर तिच्या कोकराची आशा धरायची नाही. सुईण म्हणाली, कवडीसारखी पांढरी हाय की गं. तुझ्यातच न्हाय, तर लेकराला कुठनं देशील?

मुलगा झाला. नाळ कापताना एक थेंब उडाला आणि अंगाखालच्या घोंगड्यावर पडला, एवढं मायाक्कानं पाहिलं. मग तिची शुद्ध गेली. शुद्धीवर आली तेव्हा मूल नव्हतं. घटकाभर जगलं म्हणे. धुळाप्पानं त्याला नदीच्या वरच्या अंगाला, बाभळीखाली ठेवलं होतं. कुणी त्यावर बोललं नाही, कळप दुसऱ्या दिवशी पुढं निघाला.

घोंगडं तिनं धुतलं नाही. पांढऱ्या पट्टीवर पडलेला तो थेंब पुढं काळा झाला, मग तपकिरी. तो आपलाच, अशीच तिची समजूत होती. पोराला द्यायचा होता तो आपण दिला नाही, म्हणून तो बाहेर सांडला. पुढं बिरुदेव झाला, दोन मुली झाल्या, सगळी जगली. पण त्या वेळी पाऊस झाला होता, पोटात अन्न होतं. समजूत काही गेली नाही. पिंकीच्या पहिल्याच रिपोर्टमध्ये रक्त कमी निघालं, दवाखान्यातल्या बाईनं गोळ्या लिहून दिल्या, त्या दिवशी मायाक्कानं न राहवून पिंकीची पापणी ओढून बघितली होती. पांढुरकी होती. तेव्हापासून तिनं पिंकीला हात लावला नाही. आपला हात तिला लागायला नको, आपली ओटी तर नकोच नको.

शुक्रवारी दुपारी, तीनच्या सुमारास, सृष्टीनं तिला हाक मारली. मायाक्का बाजेवर त्या मधल्या वेळात होती, मेंढरं नुकतीच दिसायला लागली होती.

"आज्जी, ये लवकर. तुझ्या अंड्यात काय झालंय बघ."

पडवीच्या टोकाला उन्हाची तिरीप येत होती. सृष्टीनं अंडं बराच वेळ आडवं ठेवलं होतं. आता तिनं सुईनं भोक पाडून थोडं पांढरं ओढून काढलं आणि छोट्या कात्रीनं वरच्या टरफलाला नखाएवढी खिडकी कापली. मायाक्काला प्रथम नुसतंच बलक दिसलं. मग सृष्टीनं तिच्या हातात भिंग दिलं आणि हात धरून ते पुढं-मागं केलं.

बलकावर एक पातळ, दुधी साय होती. सायीच्या मध्ये पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी होतं, तेच पिल्लू, असं सृष्टी म्हणाली. आणि त्या दोऱ्याच्या खालच्या अंगाला, सायीच्या कडेकडेनं ठिपके होते. इथं एक, तिथं दोन, पलीकडं चार. विटकरी रंगाची नुसती चाहूल लागलेले, एकमेकांपासून सुटे.

भिंगातला माळ जरा हलला. तिनं तो पुन्हा स्थिर केला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. शेजारचे माग चालू झाले होते, पण या खेपेला कुणी उधळलं नाही.

"ही मेंढरं कशाची?" तिनं विचारलं.

सृष्टी हसली नाही. आजीची भाषा तिला येत होती. तिनं सांगितलं, की हे रक्त आहे, किंवा रक्त व्हायला लागलंय. याआधी या अंड्यात रक्ताचा कणही नव्हता. ते कुठूनही आत आलं नाही, इथंच या सायीत उगवलं. ठिकठिकाणी एकसारख्या पेशींचे पुंजके जमतात, त्यांना आमच्या पुस्तकात रक्ताची बेटं म्हणतात. मग पुंजक्यातल्या कडेच्या पेशी चपट्या होतात, एकमेकींना धरून उभ्या राहतात, त्यांची भिंत होते. आतल्या सुट्या राहतात, त्यांचं रक्त होतं. पुढं बेटाला बेट जुळलं की त्या भिंतींच्या नळ्या होतात. म्हणजे रक्त आणि रक्ताची वाट, दोन्ही एकाच पुंजक्यातून निघतात.

मायाक्का पुटपुटली, "कडंची वाघर झाली. आतली मेंढरं."

"हो की. अगदी तसंच."

"आन् त्यास्नी सांगितलं कुणी, की तू वाघर हो, तू मेंढरू हो?"

शेजारच्या पेशी एकमेकींना खुणावतात, सृष्टी म्हणाली. काही खुणा माणसांना सापडल्यात, पुष्कळ अजून सापडायच्यात.

मायाक्कानं भिंग खाली ठेवलं. मग फार सावकाश, जणू पाण्याचा ठाव घेत एकेक पाऊल टाकावं तशी, ती म्हणाली, "म्हंजी ह्ये रगात कोंबडीनं दिल्यालं न्हाय."

"कोंबडी कुठंय आज्जी? ती गावात उकिरडा उकरत असेल. तिनं शिदोरी बांधून दिली, हे पिवळं. रक्त यानं स्वतः केलं."

"आन् माणसाचं?"

माणसाचंही तसंच, सृष्टी म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात, आईला दिवस गेल्याची नुसती शंका असते तेव्हा. आईचं रक्त बाळाच्या अंगात वाहत नाही. दोघांची रक्तं शेजारून जातात, मध्ये पडदा असतो. त्यातून जेवण जातं, हवा जाते. नाळेत वाहतं ते बाळाचं रक्त, बाळानं केलेलं.

"नाळंतलं?"

"नाळेतलं."

मायाक्का उठली, चार पावलं गेली आणि परत आली. आता तिचा आवाज निराळा होता. तिनं विचारलं, आईची पापणी पांढरी असली तर? लेकराला कमी पडतं का न्हाय? खरं सांग, माझ्या समाधानाला सांगू नको.

सृष्टीला आजीचं काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळलं. तिनं खरं तेच सांगितलं. आईच्या अंगात लोह कमी असलं तर दोघांनाही जड जातं, बाळ लहान होऊ शकतं, वेळेआधी येऊ शकतं. म्हणून तर वहिनीला गोळ्या दिल्यात. पण आईची पापणी बघून पोटातल्या बाळाचं रक्त सांगता येत नाही. तिथं त्याचं स्वतःचं काम चालू असतं.

मायाक्कानं मान हलवली. उघडलेल्या त्या अंड्याचं आता काय, असं तिनं विचारलं. सृष्टी जरा ओशाळली. ते पुढं वाढणार नव्हतं. त्याला अजून काही कळत नाही, असं तिनं सांगितलं. मग म्हातारीनं हुकूम सोडला, की अजून एकच फोड, बाकीची आठ गावाला खुडूक कोंबडीखाली जातील. सृष्टीला तीन हवी होती. घासाघीस होऊन एकावरच मिटलं.

ते दुसरं शनिवारी सकाळी उघडलं. पन्नास तास झाले होते. मायाक्का आंघोळ करून, कपाळाला हळद-कुंकू लावून बसली होती, देवळात जावं तशी. या खेपेला भिंग लागलंच नाही. ठिपके नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी केसाहून बारीक तांबड्या वाटा होत्या, एकीतून दुसरी फुटलेली, सगळ्या मध्याकडं निघालेल्या. कडेनं एक गोल तांबडी रेघ, वाघरीसारखी. आणि मध्ये, मोहरीएवढं काहीतरी, आत-बाहेर, आत-बाहेर करत होतं. मागाच्या धोट्यासारखं, एक टोक, दुसरं टोक. प्रत्येक ठोक्याला त्या वाटांमधून काहीतरी सरकत होतं.

वाटा आधी होत्या, का चालणारी आधी होती? मायाक्काला जन्मभर वाटायचं, मेंढरू चाललं म्हणून वाट पडते. इथं दोघं एकदमच जागी झाली होती आणि मागं काठी घेऊन कुणी उभं नव्हतं.

पाठीमागं पिंकी येऊन उभी राहिली होती. ती वाकून बघत म्हणाली, केवढंसं आहे हो. मायाक्कानं तिच्याकडं पाहिलं नाही, पण सरकून तिला जागा दिली.

दुपारी धुळाप्पा पडवीत पान जमवत बसला होता. मायाक्का त्याच्यापुढं बसली. आधी तिनं त्याला सुपारी कातरून दिली. दोघांचं वय झालं होतं, त्यालाही घाई नव्हती.

"अवं, ते लेकरू," ती म्हणाली. "नदीकाठचं. ते पांढरं हुतं का?"

धुळाप्पाचा हात चुन्याच्या डबीवर थांबला. तो कानानं अधू होता, पण हे त्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं.

"न्हाय. तांबडं हुतं. मी उचललं तवा व्हट तांबडे हुते, तळवं तांबडं हुतं. मूठ आवळली हुती त्यानं, माझं बोट धरून. थोडका येळ."

"कदी सांगितलं न्हाईसा."

"तू कदी इचारलंस?"

मग त्यानं आपल्या आपण सांगितलं, की बाभळीपाशी तो पहाटेपर्यंत बसला होता, कोल्ह्याच्या भीतीनं. ते कशानं गेलं ते त्यालाही कळलं नाही, लेकराला दम लागला होता एवढं खरं. मायाक्कानं सृष्टीलाही तेच विचारून पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचं आहे असं दाखवत. कशानं गेलं असेल असं लेकरू? सृष्टी म्हणाली, आता नाही सांगता येणार आज्जी. दुष्काळानं असेल, नसेलही. तेवढ्यावर राहिलं. पण ते ओझं आता वेगळं बसलं होतं; डोक्यावरचा भारा खाली उतरवून काखेला मारावा तसं. होतं, पण मान वर करता येत होती.

त्या दुपारी मेंढरं आली तेव्हा तिनं हाक मारण्यासाठी तोंड उघडलंच नाही. ती नुसती बघत राहिली. धुक्यातून ती आपली आपण आली.

रविवारी सकाळी बाजारातून आणलेलं घोंगडं सूनबाईनं पाटापुढं अंथरायला घेतलं, तेव्हा मायाक्का पडवीतून आत आली. खुंटीवरची पिशवी रिकामी होती. तिच्या दोन्ही हातांवर आडवं, काळं, पांढऱ्या पट्टीचं जुनं घोंगडं होतं. पेटीतल्या लिंबाच्या पाल्याचा वास घरभर पसरला. सूनबाई बघतच राहिली, घरात घोंगडं नाही असं ऐकून तिनं दोन दिवस दुकानं धुंडाळली होती. मायाक्कानं स्वतः वाकून ते अंथरलं, कोपरे ओढले. गुडघ्यांबद्दल कुणी काही बोललं नाही.

पिंकी हिरव्या साडीत पुढं आली आणि थबकली. पट्टीवर तो डाग होता, बोराएवढा, तपकिरी.

"हा डाग कसला, आज्जी?"

धुळाप्पा दारात उभा होता, तो खाकरला.

"माझ्या थोरल्याचं रगात हाय," मायाक्का म्हणाली. "घटकाभरच जगला. मी इतकी वर्सं धरून चालले, की ह्ये माझं हाय, त्याला द्यायचं ऱ्हायलं म्हून सांडलं. ते त्याचं हुतं. त्यानं केल्यालं. म्हून तुला हात लावत नव्हते गं मी, दुसरं कायबी न्हाय. तुला नको वाटलं तर ह्ये उचलते, बाजारचं घालू."

कुणीतरी मागून कुजबुजलं, की अशा दिवशी असलं कशाला. पिंकीनं त्या बाजूला पाहिलंही नाही. ती बराच वेळ मायाक्काकडं बघत होती, पाच महिन्यांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा तशी. मग ती घोंगड्यावर बसली. बसताना तिनं साडीचा घोळ हातानं आवरून घेतला, डागावर पडू दिला नाही.

मायाक्कानं ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. सगळ्यांत वर दिराच्या डब्यातला मूठभर जोंधळा, ज्यात अंडी आली होती. मग सवयीनं तिचा हात पिंकीच्या डोळ्याकडं गेला, बोट खालच्या पापणीला टेकलं. टेकलं आणि थांबलं. तिनं ते काढून घेतलं. गोळी घेतलीस का सकाळची, असं विचारलं, पिंकीनं मान हलवली. तेव्हा मायाक्कानं हात खाली आणला आणि हिरव्या साडीवरून तिच्या पोटावर ठेवला.

रविवार असल्यामुळं माग बंद होते, गल्ली शांत होती. तळहाताखाली काही हललं नाही. बायका हळदी-कुंकवाचं ताट घेऊन खोळंबल्या होत्या, सूनबाई खुणा करत होती. मायाक्काला घाई नव्हती. संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी, शेवटचं मेंढरू आत येईस्तोवर बसावं, तशी ती हात न काढता बसून राहिली.